आरोग्यदूत नेमले, पुढे काय?

नावाला पवई एकच. पण त्या एका पवईत बालपणं फार वेगवेगळी आहेत. हिरानंदानीच्या उंच इमारतींतली मुलं, आयआयटीच्या आवारात वाढणारी मुलं आणि फुलेनगर, मिलिंदनगर, मोरारजीनगर, फिल्टरपाडा इथल्या वस्त्यांतली मुलं यांच्या शाळा वेगळ्या, डबे वेगळे, खेळायच्या जागा वेगळ्या. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी आहे. दहाव्या-अकराव्या वर्षापासून मूल मधल्या सुट्टीत काय खातं, रात्री किती वाजता झोपतं, कशाला हात लावतं आणि कशाला लावत नाही, हे आईवडिलांपेक्षा आणि बाईंपेक्षा मित्रमैत्रिणी जास्त ठरवू लागतात. तंबाखूची पहिली चिमूट किंवा वेपचा पहिला झुरका बहुतेक वेळा ओळखीच्या, बरोबरीच्या हातातूनच येतो.

मग चांगली सवयही त्याच हातातून का देऊ नये? शाळांमध्ये काही मुलामुलींना आरोग्यशिक्षणासाठी तयार करण्यामागे इतकाच साधा विचार आहे. त्यांना कुठे पिअर एज्युकेटर म्हणतात, कुठे आरोग्यदूत, कुठे मॉनिटर. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हा प्रयोग मुंबईच्या उपनगरांत, महाराष्ट्रात आणि जगभर अनेकदा झाला. त्याचे निकाल तपासले की कुठे तो उत्तम चालला आणि कुठे साफ फसला, हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. माझं मत आधीच सांगतो: मुलं निवडून त्यांना बिल्ला लावणं सोपं आहे, त्यांच्यासोबत वर्षभर बसणं कठीण आहे, आणि यश जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या कामावर अवलंबून आहे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी साडेआठ टक्के मुलं तंबाखूचं कोणतं ना कोणतं रूप वापरत होती. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा सुरुवातीच्या वयाचा आहे. खाण्याच्या तंबाखूची चव घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती दहावा वाढदिवस येण्याआधीच घेतली होती. म्हणजे आठवीत तंबाखूविरोधी व्याख्यान ठेवणारी शाळा कित्येक मुलांपर्यंत तीन-चार वर्षं उशिरा पोहोचते. आहाराचं चित्रही दुहेरी आहे. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या 10 ते 19 वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे 28 टक्क्यांना रक्तक्षय आढळला, जवळजवळ चौथा हिस्सा वयाच्या मानाने बारीक होता आणि त्याच वेळी पाच टक्क्यांच्या आसपास मुलं जाड होती. पवईत ही दोन्ही टोकं एकाच रिक्षा-स्टँडच्या अंतरात भेटतात. व्यायामाबद्दल बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या अंदाजानुसार भारतातल्या 11 ते 17 वयाच्या चार मुलांपैकी जवळपास तिघांची पुरेशी हालचाल होत नाही. त्यात पवई आयआयटीच्या सावलीतलं गाव. इथे प्रवेश परीक्षांच्या क्लासची चढाओढ लवकर सुरू होते आणि सगळ्यात आधी कात्री लागते ती झोपेला आणि मैदानाला.

मुलांकडून मुलांपर्यंत आरोग्य पोहोचवण्याची कल्पना परदेशातून आयात झाली असा अनेकांचा समज आहे. लंडनच्या विद्यापीठीय संस्थांतून 1978-79 च्या सुमारास ‘चाइल्ड टू चाइल्ड’ चळवळ उभी राहिली, हे खरं. पण त्याच काळात मालाडच्या मालवणीत केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाचं काम चालू होतं. शाळकरी मुलं आपल्या कुटुंबात आरोग्याचं नेतृत्व करू शकतात, हे मांडणारा डॉ. व्ही. आर. भालेराव यांचा लेख 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘वर्ल्ड हेल्थ फोरम’ या नियतकालिकात आला. म्हणजे पवईपासून फार लांब नसलेल्या उपनगरातला हा अनुभव तेव्हाच जगापुढे गेला होता. आज उपनगरांतल्या किती शाळांना हे ठाऊक आहे? आपल्याच शहरातलं काम विसरून आपण दर दहा वर्षांनी नव्या नावाने पहिल्या पायरीवर उभे राहतो, याची मला मनापासून खंत वाटते.

मालवणीच्या काळातल्या प्रयोगांवर एक आक्षेप घेतला गेला आणि तो आजही लागू आहे. मोठ्यांनी ठरवलेला संदेश घरी नेऊन पोचवणारा निरोप्या, एवढीच भूमिका मुलाला दिली तर मूल शिकत नाही, फक्त पाठ म्हणतं. हात धुण्याचे टप्पे घडाघडा सांगणारं मूल हात धुतंच असं नाही. घरात नळाला पाणीच नसेल तर ते धुणार तरी कसं?

आता पुराव्याकडे येऊ. या क्षेत्रातला सर्वात काळजीपूर्वक झालेला प्रयोग ब्रिटनचा आहे. ‘असिस्ट’ नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास इंग्लंड आणि वेल्समधल्या 59 शाळांत झाला, त्यात 12-13 वर्षांची दहा हजारांहून अधिक मुलं होती, आणि निष्कर्ष 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यातली निवडीची पद्धत मला सर्वात महत्त्वाची वाटते. शिक्षकांना नावं विचारली नाहीत. मुलांनाच विचारलं की वर्गात तुम्ही कोणाला मानता, कोण पुढाकार घेतं, कोणासारखं व्हावंसं वाटतं. सर्वाधिक मतं मिळालेल्या मुलांना दोन दिवस शाळेबाहेर नेऊन बाहेरच्या प्रशिक्षकांनी तयार केलं. त्यांनी भाषण करायचं नव्हतं, फलक घेऊन उभं राहायचं नव्हतं. दहा आठवडे बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, घरी जाताना सहज बोलायचं आणि छोट्या वहीत नोंद ठेवायची. त्या काळात प्रशिक्षक त्यांना पुन्हा पुन्हा भेटत राहिले. वर्षभरानंतर या शाळांत सिगारेट ओढण्याची शक्यता इतर शाळांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी आढळली. दोन वर्षांनंतर मात्र हा फरक ओसरत गेला होता. परिणाम खरा होता, पण तो टिकवण्यासाठी कोणीतरी पुढे काम करत राहायला हवं होतं.

भारतातला सर्वात भक्कम पुरावा दिल्ली आणि चेन्नईच्या 32 शाळांतून आला. 2004 ते 2006 या काळात ‘मैत्री’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्या प्रकल्पात सहावी आणि आठवीच्या वर्गांत विद्यार्थी-नेत्यांनीच गटचर्चा आणि खेळ घेतले. दोन वर्षांत, ज्या शाळांत हा कार्यक्रम नव्हता तिथे तंबाखूचा वापर 68 टक्क्यांनी वाढला. जिथे होता तिथे तो 17 टक्क्यांनी घटला. मुंबईत सलाम बॉम्बे फाउंडेशन 2002 पासून महापालिका शाळांत काम करत आहे. मुलांना नेतृत्व, नकार देण्याचं कौशल्य, कला आणि खेळ यांतून तंबाखूपासून दूर ठेवायचं, असा त्यांचा मार्ग. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या संस्थेच्या कार्यक्रमातल्या आठवी-नववीच्या मुलांमध्ये तंबाखूचा वापर इतर शाळांतल्या मुलांच्या साधारण निम्मा आढळला. या अभ्यासात शाळा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. तरीही आपल्याच पालिकेच्या वर्गांतून आलेला हा पुरावा बाजूला सारण्यासारखा नाही.

दुसरी बाजूही तितकीच गांभीर्याने वाचली पाहिजे. लैंगिक आरोग्याच्या बाबतीत जगभरच्या अभ्यासांचा आढावा 2015 मध्ये घेतला गेला, तेव्हा केवळ समवयस्कांकरवी दिलेल्या शिक्षणाने इतरांचं वागणं बदलल्याचा पुरावा फार क्षीण निघाला. सर्वाधिक फायदा शिकवणाऱ्या मुलांनाच झालेला दिसला. अमेरिकेतल्या काही अभ्यासांत तर उलटा परिणाम आढळला. व्यसनाकडे आधीच झुकलेल्या मुलांना एकत्र बसवलं, तर ती एकमेकांना त्याच वाटेवर आणखी पुढे नेऊ शकतात. मित्रांचं वजन दोन्ही दिशांना चालतं, आणि म्हणूनच या कामात मोठ्या माणसाने बाजूला होऊन चालत नाही.

ते मोठं माणूस कोण असावं, यावर गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेच्या मंडळींनी केलेला अभ्यास डोळे उघडणारा आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सुमारे 75 शाळांत त्यांनी ‘सेहेर’ हा कार्यक्रम राबवला. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या साध्या, अ-वैद्यकीय समुपदेशकांनी. कार्यक्रम तोच होता. त्यात भित्तिपत्रक, तक्रारपेटी, समवयस्कांचे गट हे सगळं होतं. 2018 मध्ये निकाल आला तेव्हा समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं होतं, दादागिरी आणि नैराश्य कमी झालं होतं. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत जवळपास काहीच फरक नव्हता. यात शिक्षकांचा दोष काढायचं कारण नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन नोंदी आणि अभ्यासक्रम सांभाळणाऱ्या बाईंना पंधरवड्यातून अर्धा तास शांतपणे चार मुलांचं ऐकायला मिळत नाही. शिवाय जिच्या हातात गुणपत्रिका आहे तिच्यासमोर मूल मोकळं होत नाही.

मुंबईत याची जाण असलेलं काम झालं आहे. ‘यारी दोस्ती’ या कार्यक्रमात 2005 च्या सुमारास वस्त्यांतल्या तरुणांनाच गटनेते बनवून पुरुषपणाच्या कल्पनांवर चर्चा घडवली गेली. ‘परिवर्तन’ या कार्यक्रमाने क्रिकेटचे प्रशिक्षक हाताशी धरले, कारण मुलगा सरांपेक्षा कोचचं ऐकतो; पुढे गोवंडीच्या शिवाजीनगरात मुलींसाठी कबड्डीतून तेच काम झालं. या प्रयोगांत मुलांसोबत सतत असणारा एखादा दादा किंवा ताई होती, ही मला त्यांची खरी ताकद वाटते.

सरकारी योजना याच ठिकाणी उण्या पडतात. जानेवारी 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात ‘साथिया’ म्हणून समवयस्क शिक्षक नेमण्याची तरतूद झाली. आहार, मानसिक आरोग्य, व्यसन, हिंसा असे सहा विषय ठरले. पण ही रचना मुख्यतः गावासाठी, आशाताईच्या आधाराने आखलेली; शहरातल्या वस्तीतल्या मुलाला तिचा फारसा स्पर्श झाला नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत आणि वर्गाचे मॉनिटर त्यांचे संदेशवाहक, अशी योजना मांडली. अकरा विषय, आठवड्याला एक तास. महिनाभरात टाळेबंदी आली आणि शाळाच बंद झाल्या. पण टाळेबंदी नसती तरी एक मूलभूत चूक राहिलीच असती. वर्गाचा मॉनिटर हा बाईंचा माणूस असतो. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणाऱ्या मुलाकडे कोणी आपली अडचण घेऊन जात नाही.

तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांसाठी केंद्राने 2019 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत शाळेपासून 100 यार्डांवर पिवळी रेषा आखायची आणि नववीपासूनच्या विद्यार्थ्यांमधूनही ‘तंबाखू मॉनिटर’ नेमायचे असं म्हटलं आहे. रेषा आखणं उत्तम. शाळेभोवती 100 यार्डांत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि बाल न्याय कायद्यानुसार मुलाला तंबाखू देणं हा सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे. गुटख्यावर तर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. पण पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी टपरीवर शेजारी शेजारी लटकते आणि खरेदी करणारा दोन्ही तळहातावर एकत्र करतो. हे थांबवणं पालिकेचं आणि पोलिसांचं काम आहे. चौदा वर्षांच्या मुलाला टपरीवाल्यासमोर उभं करून त्याच्याकडून ते करवून घेणं मला अजिबात मान्य नाही. त्या मुलाला संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जायचं असतं.

हाच प्रश्न राज्यातल्या ‘स्वच्छता मॉनिटर’ उपक्रमानेही उभा केला होता. रस्त्यावर थुंकणाऱ्याला, कचरा टाकणाऱ्याला मुलांनी थांबवून चूक दुरुस्त करायला लावायची, अशी त्याची कल्पना होती. 30 ऑक्टोबर 2025 रोजी पवईतल्या एका स्टुडिओत मुलांना ओलीस ठेवलं गेलं. ओलीस ठेवणारा माणूस याच उपक्रमाशी जोडलेला होता आणि सरकारकडे आपले पैसे थकल्याचा त्याचा दावा होता. मुलं सुखरूप सुटली. पण मुलांच्या नावाने चालणाऱ्या उपक्रमात बाहेरून कोण येतं, त्याच्याशी कोणता करार होतो, त्यावर देखरेख कोणाची, हे विचारायचा अधिकार पालकांना आहे, हे पवईकरांना आता वेगळं सांगायला नको.

मग मुलांसोबत बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं? वस्तीतल्या शाळेत अशा बैठकीत हमखास येणारा एक प्रसंग घेऊ. सातवीतला मुलगा सांगतो, “मी त्याला म्हटलं मावा खाऊ नको. तर तो म्हणाला, तुझे पप्पा पण खातात, आधी त्यांना सांग.” मुलगा इथे अडकलेला असतो, थोडा लाजलेलाही. अशा वेळी घोषवाक्य कामाचं नाही. समंजस ताई लगेच उत्तर देत नाही, ती गटाला विचारते: तुम्ही असता तर काय म्हणाला असता? दोन-तीन मुलं काहीबाही सुचवतात. मग एखादी मुलगी म्हणते, “मी सांगितलं असतं, हो, खातात. म्हणूनच मला माहितीये सुटायला किती त्रास होतो.” तेवढ्यात त्या मुलाचा चेहरा बदलतो. मग दोघं समोरासमोर उभी राहून तो संवाद पुन्हा करतात, एकदा रागावून, एकदा हसत. पुढच्या पंधरवड्यात तो पुन्हा बोलून येतो आणि काय झालं ते सांगतो. कधी काहीच झालेलं नसतं, आणि तेही सांगता येतं. वडिलांना सोडायचं असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा 1800-11-2356 हा क्रमांक ताई त्याच्या वहीत लिहून देते, म्हणजे वडिलांना सुधारण्याचा भार मुलाच्या डोक्यावर राहत नाही.

या छोट्या प्रसंगात प्रशिक्षणाचं सगळं सार आहे: ऐकणं, तालीम, परत येऊन सांगणं, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं काम कोणाकडे सोपवायचं याची जाण. शेवटचा मुद्दा तर जिवावरचा आहे. मैत्रीण कानात सांगते की घरातला एक माणूस त्रास देतो, किंवा एखादा मित्र जगावंसं वाटत नाही म्हणतो. तेरा वर्षांच्या मुलीने ते गुपित पोटात ठेवायचं नसतं. लैंगिक अत्याचार असेल तर तो कळवणं पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे. 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आणि 14416 ही टेलि-मानसची सेवा प्रत्येक आरोग्यदूताला पाठ असली पाहिजे, आणि त्याच दिवशी ज्याच्याकडे धावत जाता येईल असं एक मोठं माणूस शाळेत ठरलेलं असलं पाहिजे. हे ठरवता येत नसेल तर त्या शाळेने आरोग्यदूत नेमू नयेत.

पवईत विषयांची निवडही शाळेगणिक वेगळी हवी. एका शाळेत मावा आणि आयर्नची निळी गोळी न घेता फेकून देणं हा विषय असेल; दुसरीत वेप, एनर्जी ड्रिंक, रात्री दोन वाजेपर्यंतचा मोबाइल. ई-सिगारेटवर 2019 पासून देशात बंदी आहे, तरी ती मुलांच्या दप्तरापर्यंत पोहोचते. खाण्याच्या बाबतीत नियम मुलांच्या बाजूने आहेत. 2017 मध्ये राज्याने शाळेच्या उपाहारगृहांतून जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ हटवायला सांगितलं, केंद्राच्या 2020 च्या नियमांनी फाटकापासून 50 मीटरपर्यंत ती बंदी नेली, आणि 2025 मध्ये सीबीएसईने शाळांत साखरेचे फलक लावायला लावले. शीतपेयाच्या एका बाटलीत किती चमचे साखर असते, हे मुलांनी स्वतः चमच्याने मोजून काचेच्या ग्लासात दाखवलं की तो फलक जिवंत होतो.

आणि काही गोष्टी मुलांच्या हाती मुळीच नाहीत. जून 2024 मध्ये पवईतल्या जयभीमनगरच्या झोपड्या पाडल्या गेल्या आणि कित्येक कुटुंबं भर पावसाळ्यात पदपथावर आली. त्या पदपथावरच्या मुलीला हात धुण्याचे टप्पे शिकवायला कोणी आरोग्यदूत पाठवू नये. तिला आधी पाणी, संडास आणि छप्पर हवं. मुलांच्या शिक्षणाने धोरणाची उणीव भरून निघत नाही, आणि ती भरून निघेल असं भासवणारा कार्यक्रम मुलांवर अन्याय करतो.

एवढं सगळं लक्षात घेऊनही हे काम करण्यासारखं आहे, असंच पुरावा सांगतो. त्याला मोठा निधी लागत नाही. ज्यांचं मुलं ऐकतात अशी मुलं, त्यांच्यासाठी नेमलेली एक ताई किंवा दादा, पंधरवड्याला अर्धा तास आणि पाचवीपासून सुरुवात, इतकं पुरतं. शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित आणि पालिका शाळांत व्यवस्थापन समित्या आहेत आणि त्यांत पालक बहुसंख्येने आहेत. पवईतल्या पालकांना माझी विनंती आहे: येत्या जूनच्या पहिल्या सभेत शुल्क, गणवेश आणि बसचे विषय संपले की मुख्याध्यापकांना विचारा, आमच्या शाळेतले आरोग्यदूत कोणी निवडले, मुलांनी की बाईंनी? आणि निवडल्यावर त्यांना दर पंधरवड्याला कोण भेटतं? उत्तर मिळालं नाही, तर ते काम कोण करेल हे त्याच सभेत ठरवून, इतिवृत्तात नाव लिहूनच उठा.